लालीचं इंजिन, पांढरीची बॉडी

तिला एका जागी बसवणं म्हणजे पारा मुठीत धरण्यासारखं होतं. शाळेत असतानाही ती काही ना काही निमित्त काढून वर्गभर फिरायची, कधी खडू आणायला, कधी केराची टोपली सरकवायला. लग्नानंतर तिनं शिवणकाम शिकायला घेतलं. ते कॉलर बसवण्यापर्यंत आलं आणि सुटलं. मग औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली, मग पाळणाघरात, मग बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला. कुठेच धड वर्ष भरलं नाही. भांडण कुणाशी नाही, तक्रार कुणाबद्दल नाही. काम अंगवळणी पडायला लागलं की तिचे पाय वळवळायला लागायचे, एवढंच. सासरची माणसं तोंडावर गोड बोलायची आणि माघारी 'आरंभशूर' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. नवरा मात्र तोंडावरच, हसत, 'भिंगरी' म्हणायचा. पुढे गल्लीनंही तेच नाव उचललं.

नवरा गाड्यांचा मिस्त्री. घाई हा शब्द त्याच्या हातांना माहीतच नव्हता. बोल्ट लावायचा तर तो आधी पुसायचा, पुसून उजेडात धरायचा, दोन आटे बोटांनी फिरवून बघायचा आणि मग पाना उचलायचा. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून घड्याळ दाखवत असलं तरी त्यात फरक पडायचा नाही. दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत भिंगरी त्याच्या गॅरेजात येऊन बसायची, म्हणजे उभी राहायची, आणि मागेल तो पाना हातात द्यायची. बघता बघता तिला नटाकडे नजर टाकूनच पान्याचा नंबर कळायला लागला. पण त्याचा तो सावकाशपणा बघून तिच्या हातांना खाज सुटायची.

"एवढ्या वेळात मी दोन गाड्या उघडल्या असत्या," ती म्हणायची.

"उघडल्या असत्यास गं," तो गाडीखालून म्हणायचा. "बंद कुणी केल्या असत्या?"

असा हा जोडा. लेक शिकून, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. घर गॅरेजच्या मागेच, मध्ये एक दार. सगळं बरं चाललं होतं, आणि एका सकाळी हात धुताना मिस्त्रीच्या उजव्या हातातून साबण पडला. तो उचलायला वाकला नाही. पडलेल्या साबणाकडे, जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसा, बघत राहिला. भिंगरीनं हाक मारली तेव्हा त्यानं तोंड वळवलं, आणि ते अर्धं खाली ओघळलेलं होतं.

हॉस्पिटलातून तो घरी आला तो चाकांच्या खुर्चीत बसून. उजवा हात आणि पाय लाकडासारखे, आणि वाचा गेलेली. सगळी नव्हे. एक शब्दजोड तेवढी जिभेवर राहिली होती, 'राहू दे'. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की असं होतं कधीकधी, आतला माणूस शाबूत आहे, त्याला सगळं कळतंय, पण जीभ निघाली की त्याच एका वाटेनं जाते. पाणी हवं असलं तरी तो 'राहू दे' म्हणायचा, नको असलं तरी 'राहू दे'. दिवा लाव म्हणायचं असेल तर 'राहू दे', पाठीला रग लागली तर 'राहू दे'. भिंगरी सुरावरून ओळखायला शिकली. निम्म्या वेळा चुकायची. चुकली की तो डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटायचा. आयुष्यभर ज्याला कधी घाई नव्हती तो माणूस आता दिवसभर मूठ आपटत होता, आणि जिला क्षणभर बसवत नव्हतं ती त्याच्या खुर्चीला बांधली गेली होती.

गॅरेजातले दोघे कारागीर थोडे दिवस थांबले. मग त्यांनी दुसरीकडे काम धरलं. त्यांचंही पोट होतं. शटर खाली आलं.

पण शटरच्या आत दोन गाड्या उभ्या होत्या.

दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या. पांढरी होती एका टॅक्सीवाल्याची. तिच्या रेडिएटरचा पाइप भर रस्त्यात फुटला, पाणी वाहून गेलं, आणि टॅक्सीवाला पॅसेंजरला वेळेत पोचवायच्या नादात तशीच दामटत राहिला. इंजिन तापून जाम झालं, दुरुस्तीपलीकडे गेलं. लाल गाडी त्यानंच शोधून आणली होती. तिला मागून ट्रकनं ठोकलं होतं. डिकी मागच्या सीटपर्यंत चेपलेली, छप्पर दुमडलेलं, पण पुढच्या बाजूला ओरखडा नाही. तिचं इंजिन काढायचं, पांढरीत बसवायचं. मिस्त्रीनं आजारी पडण्याआधीच्या आठवड्यात दोघींच्या बॉनेटखाली डोकं घालून पाहिलं होतं आणि काम घेतलं होतं. पांढरीला तो पांढरी म्हणायचा आणि लाल गाडीला लाली.

टॅक्सीवाला रोज सकाळी यायचा. बारका, उंच माणूस. हातात गाडीची किल्ली खुळखुळवत शटरसमोर येरझारा घालायचा. बाकीच्या गॅरेजांत त्यानं चौकशी केली होती. कुणाला वेळ नव्हता, कुणाला दुसऱ्यानं घेतलेल्या कामात हात घालायचा नव्हता. "ताई, बघा ना काहीतरी," एवढंच तो म्हणायचा. गाडी नसलेला टॅक्सीवाला म्हणजे पाठीवर शंख नसलेली गोगलगाय, कुठे टेकावं हेच कळत नाही.

दुसरा येणारा म्हणजे धाकटा दीर. त्याचं फरशा आणि नळांचं दुकान. माल ठेवायला जागा कमी पडत होती. माणूस वाईट नव्हता. भावाची खुर्ची त्यानंच आणून दिली होती. एक दिवस चहा पिताना म्हणाला, "वहिनी, गॅरेज असंच बंद पडून राहण्यापेक्षा मी तिथे माल टाकतो. तुम्हालाही आधार. दादा काही आता..."

पुढचं त्यानं गिळलं. मिस्त्री समोरच बसला होता. "राहू दे," तो म्हणाला. दिराला वाटलं, हो म्हणतोय. भिंगरीला वाटलं, नाही म्हणतोय. मिस्त्रीला काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठाऊक.

"त्या दोन गाड्या आधी बाहेर जाऊ देत, भाऊजी," भिंगरी म्हणाली.

"त्या कोण बाहेर काढणार?"

तिच्या हातात कपबशी होती. ती तिनं खाली ठेवली. "मी," ती म्हणाली.

दिरानं हसू दाबायला बिस्कीट तोंडात घातलं. मिस्त्री तिच्याकडे बघत म्हणाला, "राहू दे." या वेळी सूर ओळखायची तिला गरज वाटली नाही. अर्थ उघड होता आणि तो तिला झोंबला. सगळं जग आरंभशूर म्हणत होतं ते म्हणत होतं, आता हाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं. तिनं नवऱ्याचा निळा डगला अंगात घातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, आणि मिस्त्रीची खुर्ची ढकलत दोन गाड्यांच्या मध्ये आणून लावली. टॅक्सीवाल्याला तिनं सांगितलं, "भाऊ, मला दोन हात कमी पडणार. तुमचे रिकामेच आहेत."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हो, ताई."

"मग बरंच झालं. मी सांगेन तेवढंच कराल."

सुरुवात तर झोकात झाली. लालीची बॅटरी सुटली. रेडिएटरचं पाणी, इंजिनाचं तेल, गिअरबॉक्सचं तेल वेगवेगळ्या घमेल्यांत उतरलं. मग वायरिंग आलं. बॉनेटखाली वायरींचं जंजाळ, त्यांच्या टोकांना प्लग, आणि प्लग एकमेकांसारखे दिसणारे. इथे तिला शिवणाचा डबा आठवला. ती आत जाऊन रंगीत रिळं घेऊन आली. प्रत्येक प्लगला एक दोरा आणि तो जिथून निघाला तिथे त्याच रंगाचा दुसरा. हिरव्याला हिरवा, केशरीला केशरी. रंग संपले तेव्हा दोन-दोन रंगांच्या वेण्या घातल्या. टॅक्सीवाला बघतच राहिला. "ताई, इंजिन आहे की झालर लावायची आहे?"

मिस्त्रीच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. भिंगरीनं ते तिरप्या नजरेनं टिपलं आणि तिला दुप्पट जोर आला.

छताच्या लोखंडी तुळईला चेन-पुली होतीच. इंजिनाला साखळी बांधली, खालचे आधार सोडले, चाकांकडे जाणारे शाफ्ट ओढून काढले. टॅक्सीवाला साखळी ओढायला लागला. कडकड कडकड करत लालीचं इंजिन, त्याला चिकटलेला गिअरबॉक्स घेऊन, बॉनेटच्या कडेवर आलं. भिंगरी आणि टॅक्सीवाल्यानं मिळून गाडी मागे ढकलली. इंजिन हवेत लोंबकळत राहिलं, गरगर थोडं फिरलं आणि थांबलं. ते लाकडी ठोकळ्यांवर उतरवलं तेव्हा तिच्या पाठीतून घामाचे ओहोळ वाहत होते, आणि तिला लगेच पांढरीकडे वळायचं होतं. थांबली तर भीती वाटेल, असं तिला वाटत होतं. म्हणून ती थांबतच नव्हती. जेवायलाही उभ्या उभ्या दोन घास, एका हातात पाना.

पांढरीचं जळकं इंजिनही असंच, वायरींना जागा ताडून तेच रंग बांधत, निघालं. आता प्रश्न आला गिअरबॉक्सचा. टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, इंजिन लालीचं घ्या, पण गिअरबॉक्स माझा राहू द्या. गेल्याच वर्षी आतली सगळी बेअरिंगं नवी टाकलीत मिस्त्रींनी. लालीचा कसा आहे कुणाला माहीत?"

बोलणं पटण्यासारखं होतं. गाड्या एकसारख्याच. एकीचा काढायचा, दुसरीला लावायचा. तिनं लालीच्या इंजिनापासून तिचा गिअरबॉक्स सोडवायला घेतला.

"राहू दे," खुर्चीतून आवाज आला.

"काय झालं? पाणी?"

"राहू दे! राहू दे!" मूठ आपटली.

तिनं पाणी आणलं, त्यानं तोंड फिरवलं. उशी सरकवली, त्यानं नकाराची मान हलवली. डाव्या हातानं तो पुढे काहीतरी दाखवत होता, पण पुढे सगळंच होतं, दोन गाड्या, दोन इंजिनं, घमेली, पसारा. "दमला असाल. आत जायचंय का?" तिनं विचारलं. त्यानं डोळे मिटून घेतले. तिच्या मनात आलं, याला हे बघवत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचे हात बघवत नाहीत. तिला राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही गिळून ती परत कामाला लागली.

पांढरीचा गिअरबॉक्स ट्रॉलीवर चढवून तिनं लालीच्या इंजिनासमोर आणला. गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा इंजिनावरच्या क्लच प्लेटच्या मधल्या भोकात जायचा असतो. दोन्हींना दात असतात, दातांत दात बसले की सगळा डोलारा हातानं सरकून इंजिनाला भिडतो. इथे सरकला, सरकला आणि दोन बोटांची फट ठेवून अडला. ट्रॉली वर केली, खाली केली. दांडा थोडा फिरवला. टॅक्सीवाल्यानं पाठीनं रेटा दिला. फट तेवढीच.

घोडं तिथेच पेंड खात बसलं. दिवसभर बसलं. दुसऱ्या सकाळीही तेच. टॅक्सीवाल्याची किल्ली खिशात खुळखुळत होती आणि तो आवाज तिच्या डोक्यात वाजत होता. त्यात दीर डोकावून गेला. नुसतं दारातून आत मापं घेतल्यासारखं बघितलं. ते बघणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"बोल्टांनी ओढून घेऊ," ती म्हणाली. "लांब बोल्ट लावू, चारी बाजूंनी थोडे थोडे आवळत नेऊ. येईल आपोआप."

तिनं डब्यातून लांब बोल्ट शोधले, भोकांत घातले आणि आवळायला सुरुवात केली. फट खरंच कमी झाली. केसभर. तिला हुरूप आला.

"राहू दे!" मिस्त्री ओरडला. आजवर इतक्या मोठ्यानं त्याचा आवाज आला नव्हता. "राहू दे! राहू दे! राहू दे!"

तिचा तोल गेला. पाना हातातच धरून ती वळली. "दुसरं काही येतच नाही का तुम्हाला? हे राहू दे, ते राहू दे! सगळंच राहू दे, मग काय करू? भाऊजींच्या फरशा पुसत बसू?"

आणि परत वळून तिनं पान्याला होता नव्हता तेवढा जोर दिला.

टक्.

आवाज लहानसाच होता. गिअरबॉक्सच्या कवचाला बोल्टसाठी जे कान असतात त्यातला एक कान बोल्टासकट निखळून तिच्या पायाशी पडला. ताजं, चांदीसारखं चमकणारं तुटकं अंग वर आलं.

टॅक्सीवाल्यानं वाकून तो तुकडा उचलला, हातात धरून बघितला, जिथून तुटला तिथे लावून बघितला, आणि परत खाली ठेवला. "माझा गिअरबॉक्स," तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

भिंगरीनं पाना खाली ठेवला आणि ती चालू लागली. डगला अंगातच, हात काळेच. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर, तिथून पुलावर, पुलावरून पलीकडच्या बाजारात. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं ध्यान दिसलं, गालावर ग्रीसचा पट्टा, डगल्याच्या बाह्या सुटून लोंबलेल्या. लोक बाजूला होऊन वाट देत होते. बसथांब्यावरच्या बाकावर ती टेकली आणि उठली, परत टेकली आणि परत उठली. पहिल्यांदाच तिला वाटलं की बसता आलं असतं तर किती बरं. शिवण सोडलं तेव्हा कुणाचं काही अडलं नव्हतं. बिस्किटांचे पुडे दुसऱ्या कुणी भरले. हे मात्र सोडून चालणार नव्हतं, कारण मागे दोन उघड्या गाड्या होत्या, एक उपाशी टॅक्सीवाला होता, आणि खुर्चीत बसलेला एक माणूस होता ज्याच्यावर ती आत्ता ओरडून आली होती, उलटून बोलायला ज्याच्याकडे शब्द नव्हते.

तो विचार आला आणि तिचे पाय घराकडे वळले, अर्धी वाट पळतच.

गॅरेजात टॅक्सीवाला पायरीवर बसला होता. आत मिस्त्रीची खुर्ची जागेवर नव्हती. डाव्या पायानं रेटत रेटत तो स्वतःच ती घमेल्यांच्या पसाऱ्यातून पलीकडच्या टेबलाशी घेऊन गेला होता. सांडलेल्या तेलातून चाक गेल्याचा काळा माग फरशीवर उमटला होता. त्याच्या मांडीवर पांढरीच्या जळक्या इंजिनावरून काढलेली जुनी क्लच प्लेट होती.

"तुम्ही आणून दिली?" तिनं टॅक्सीवाल्याला विचारलं.

"मी हातही लावला नाही. त्यांनीच ओढून घेतली. दोनदा पडली, दोनदा उचलली."

ती खुर्चीपाशी उकिडवी बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं बोट धरून त्यानं प्लेटच्या मधल्या भोकात घातलं आणि आतल्या दातांवरून फिरवलं. जाडे, विरळ दात. मग त्यानं मानेनं लालीच्या इंजिनाकडे खूण केली. ती उठली आणि त्या इंजिनावरच्या प्लेटच्या भोकात बोट घातलं. इथले दात बारीक होते, दाट होते. डोळ्यांना दोन्ही भोकं सारखीच दिसत होती. बोटाला कळत होतं.

"दात वेगळे आहेत," ती म्हणाली. "लाली नंतरची. कंपनीनं मध्ये बदललेत."

तो आता मूठ आपटत नव्हता. त्यानं तिला जवळ बोलावलं, तिच्या उजव्या हाताची मूठ केली, आपल्या डाव्या पंजात ती मूठ बसवली आणि घट्ट दाबून धरली. मग जमिनीवर पडलेल्या लालीच्या गिअरबॉक्सकडे बघितलं, लालीच्या इंजिनाकडे बघितलं. "राहू दे," तो म्हणाला, एकदाच आणि सावकाश.

तिला कळायला वेळ लागला. लालीचं इंजिन आणि लालीचा गिअरबॉक्स सोडवूच नकोस. आहेत तसे जोडलेले राहू दे.

"म्हणजे तेव्हा हेच सांगत होतात? पाणी नको होतं, उशी नको होती?"

त्यानं मान हलवली.

"आणि त्या दिवशी चहाच्या वेळी? मी करते म्हटलं तेव्हा? तेव्हा मी करू नये, असंच म्हणायचं होतं ना?"

मिस्त्रीनं छताकडे पाहिलं. "राहू दे," तो म्हणाला, आणि त्याचं अर्धं तोंड हसलं. त्या प्रश्नाचं उत्तर तिला पुढेही कधी मिळालं नाही.

टॅक्सीवाल्याची समजूत घालणं राहिलं होतं. ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. "तुमचा गिअरबॉक्स मी मोडला," ती म्हणाली. "वेल्डिंगवाल्याकडून कान जोडून आणते. तो तुमच्याकडे जादाचा म्हणून राहील. पण गाडीत लालीचाच बसेल. चांगला आहे की वाईट, ते चालवल्यावरच कळणार. खोटं कशाला सांगू?"

त्यानं बराच वेळ किल्ली बोटाभोवती फिरवली. "तुम्ही पळून गेलात तेव्हा वाटलं, संपलं सगळं," तो म्हणाला. "आता आलाच आहात, तर मीही येतो. साखळी कोण ओढणार?"

यानंतर काम झालं ते वेगळ्या तऱ्हेनं. भिंगरीचा स्वभाव बदलला असं नाही, तसे स्वभाव बदलत नसतात. पाय तिचे तसेच वळवळत होते. पण प्रत्येक जोडाला ती आधी खुर्चीकडे जायची, तो भाग त्याच्या डाव्या हातात द्यायची आणि तो बोटांनी चाचपून होकार देईपर्यंत तिथल्या तिथे नाचत उभी राहायची. लालीचा गिअरबॉक्स लालीच्या इंजिनाला परत लावताना तो हाताच्या रेट्यानं 'सर्रक' करून सरकला आणि भिडला, तेव्हा टॅक्सीवाल्यानं टाळी वाजवली. चाकांचे शाफ्टही लालीचेच घेतले. एका बाजूचा आधार पांढरीच्या बॉडीला जुळेना, तो पांढरीच्या जुन्या इंजिनावरून काढून लावला. मग इंजिन-गिअरबॉक्सचा तो जोड तुळईखाली लोंबकळला आणि पांढरीला पुढे ढकलून त्याखाली आणली. भिंगरी बॉनेटमध्ये अर्धी आत वाकून ओरडत होती, "थोडं खाली, अजून, बास, बास म्हटलं ना!" आणि वरून इंजिन आपल्या नव्या जागेत, इकडे तिकडे धक्के खात, उतरलं.

मग दोरे. हिरवा हिरव्याला, केशरी केशरीला. शेवटी इंजिनावर प्लगची एक जागा रिकामी राहिली. पांढरीकडे त्या जागेसाठी वायरच नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मिस्त्रीला दाखवलं, तर त्यानं हात झटकला. नव्या गाडीचे जादा चोचले. पांढरीला त्यांची सवय नव्हती.

तेल भरलं, पाणी भरलं, बॅटरी लागली. टॅक्सीवाला सीटवर बसला, त्यानं किल्ली फिरवली.

टिक. टिक. टिक. बाकी काही नाही.

टॅक्सीवाल्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. भिंगरीचे हात कुठला तरी पाना उचलायला धावले, काहीतरी सोडवायला, काहीतरी ठोकायला. तिनं ते हात डगल्याच्या खिशात कोंबले. मिस्त्री तिच्याकडे बघत होता, पण या वेळी तो काही म्हणाला नाही. हातानं काही दाखवलंही नाही.

ती गाडीपाशी गेली आणि रंगांवरून बोट फिरवत निघाली. एकेक दोरा, एकेक वेणी. पुढून मागे, मग डावीकडून खाली. गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला, अंधारात, एक काळा दोरा एकटाच लोंबत होता. काळ्यावर काळा, म्हणून दिसला नव्हता. त्याच्या टोकाला इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी, सुटलेली. ती नसेल तर बॅटरीनं कितीही जीव काढला तरी काही होत नाही. तिनं बोल्ट घेतला, पुसला, दोन आटे बोटांनी फिरवले आणि आवळला.

"आता मारा."

पांढरी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि चालू झाली. बाहेर सांडलेलं तेल जळून निळा धूर झाला, गॅरेज भरून गेलं, तिघंही खोकायला लागली. भिंगरी ओरडत होती, काय ते तिलाही कळत नव्हतं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. शेजारचा इस्त्रीवाला आग लागली समजून बादली घेऊन धावत आला.

चाचणीला मिस्त्रीला पुढच्या सीटवर बसवलं. त्याला उचलून बसवणं इंजिन बसवण्यापेक्षा अवघड गेलं. भिंगरी मागे. टॅक्सीवाल्यानं गाडी गल्लीतून काढली. मिस्त्रीनं डावा पंजा डॅशबोर्डवर ठेवला आणि डोळे मिटले. गिअर पडत होते, पहिला, दुसरा, तिसरा. चढावर टॅक्सीवाल्यानं दाब दिला तेव्हा भिंगरी पुढच्या दोन सीटांमध्ये वाकून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काही दिसेना. वळून परत येताना त्यानं डोळे उघडले, खिडकीची काच खाली करायला लावली आणि वारा घेत रस्त्यावरच्या गाड्या बघत बसला. ते तिनं प्रमाणपत्र समजून घेतलं. रिव्हर्स टाकताना मात्र लालीचा गिअरबॉक्स कण्हला. तसा तो आजही कण्हतो. टॅक्सीवाला म्हणतो, मागे जायला कुणाला आवडतं?

जोडलेल्या कानाचा त्याचा जुना गिअरबॉक्स त्याच्या घरी पलंगाखाली आहे. कधी लागेल, कधी नाही, पण त्याच्या बायकोला झाडताना रोज लागतो.

दीर दोन दिवसांनी आला. रिकामा झालेला गाळा बघायला आला आणि दारातच थांबला, कारण गाळा रिकामा नव्हता. टॅक्सीवाल्यानं लालीचा उरलेला सांगाडा भिंगरीलाच देऊन टाकला होता, आणि त्याच्याच ओळखीचा दुसरा टॅक्सीवाला गळकी गाडी घेऊन उभा होता. दिरानं भावाकडे बघितलं, वहिनीच्या काळ्या हातांकडे बघितलं. "मागच्या भिंतीला थोड्या फरशा चालतील का?" त्यानं विचारलं. "छातीएवढ्याच."

"कमरेएवढ्या," भिंगरी म्हणाली. तेवढ्या त्यानं ठेवल्या.

गॅरेज चाललं. भरभराट झाली असं नाही, पण शटर रोज वर गेलं. मिस्त्रीच्या जिभेवर पुढे आणखी चार-सहा शब्द परतले. त्यात 'तेल' होतं, लेकीचं लाडाचं नाव होतं आणि एक सणसणीत शिवी होती, जी त्यानं पूर्वी कधीच दिली नव्हती. कोणी नवं गिऱ्हाईक येऊन "मिस्त्री आहेत का?" विचारायचं, तर भिंगरी गाडीखालून म्हणायची, "दोन आहेत. हातांचा हवा की डोक्याचा?"

लोक म्हणतात, तिला शेवटी तिचं काम सापडलं. तिला विचाराल तर ती तसं म्हणणार नाही. कामाचे दिवस आजही तिला लांब वाटतात, बोल्ट पुसताना आजही तिचा जीव वर-खाली होतो. पांढरी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी तर तुळईखालची मोकळी जागा तिच्या अंगावर आली. चहा निवत ठेवून तिनं पान्यांचा डबा ओढला आणि ती लालीच्या सांगाड्याकडे गेली. पुढचा एक दरवाजा धडकेतूनही सरळ राहिला होता, कुणाला तरी लागेल. मिस्त्रीनं खुर्ची रेटत जवळ आणली आणि निघालेले बोल्ट पडू नयेत म्हणून ताटली मांडीवर घेतली. पहिला बोल्ट गंजून घट्ट बसला होता. तिनं त्यावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि ते मुरेपर्यंत थांबायचं म्हणून गाडीभोवती फेऱ्या मारायला लागली.